अजून एक पांघरूण

शाळेच्या पटावर नाव काहीही असो, घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत. ती जेवायची उभ्याने, अभ्यास करायची पलंगाच्या कठड्यावर बसून, आणि झोपेतसुद्धा लाथा झाडायची. शाळेला सुट्टी, बाबा बस घेऊन सकाळीच गेलेले, तेव्हा आईने तिला आपल्याबरोबर कामावर नेलं. दुसरं करणार काय? कुलूप घालून ठेवण्यातली ती पोर नव्हती.

आईचं काम दगड तपासण्याचं. खोल बोअर मारून काढलेले मनगटाएवढ्या जाडीचे दगडी दांडे लांबट खोक्यांत रचून यायचे. ते करवतीने कापायचे, कुटून पूड करायची, भट्टीत जाळून त्यात कार्बन किती, गंधक किती ते बघायचं. खोलीत ओल्या दगडाचा आणि जळक्या तेलाचा वास कायमचा मुरलेला. त्या दिवशी आलेला दांडा काळा कुळकुळीत होता आणि त्याला पानं चिकटवल्यासारखे पातळ थर होते.

"एवढा काळा का गं हा?"

"समुद्राच्या तळाचा चिखल आहे. तिथे हवाच पोचत नव्हती, म्हणून खाली किडामुंगी नाही. कुजवायलाच कोणी नाही, त्यामुळे वरून जे पडलं ते तसंच राहिलं."

"मग त्याचा दगड कसा झाला?"

"आणखी गाळ पडत गेला, त्याच्या वजनाने दबला. कमरेएवढा चिखल दबून दबून तळहाताएवढा होतो."

या धंद्यातल्या लोकांना एक खोड असते. दगडाचा कण दाताखाली धरायचा. कचकच लागली तर त्यात बारीक रेती आहे, नाही लागली तर निव्वळ चिखल. आईने आजवर अशा रीतीने अर्धा डोंगर चावून थुंकला असेल. पण त्या दिवशी तिचं तोंड आलं होतं, पाणीसुद्धा झोंबत होतं. तिने एक कपची लेकीपुढे धरली.

"चाव बघू. कचकच लागते का सांग. आणि थुंकून टाक हं."

भिंगरीने चावली. डोळे मिटून घेतले. "नाही लागत. लोण्यासारखं आहे." मग जरा वेळाने म्हणाली, "थुंकायला काही उरलंच नाही."

आई हसली आणि कामाला लागली.

पुढच्या दिवसांत घर शांत झालं. भिंगरी खिडकीशी बसून राहायची. बाबा खूश! "चला, पोरीला एकदाची अक्कल आली," असं शेजाऱ्यांना सांगत सुटले. आईला मात्र ते काही बरं वाटेना. लेकीच्या उशाशी अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं. आज फेकू, उद्या फेकू म्हणता आठवडा उलटला, तरी दातांच्या खुणा पांढऱ्याशुभ्र. त्याच्यावर माशी बसली नव्हती. पोरीच्या गळ्यातली चांदीची साखळी गंधकाने पडते तशी काळी पडली. आईने ती घासून लख्ख केली. संध्याकाळपर्यंत पुन्हा काळी.

डॉक्टरांनी तपासलं. छातीला नळी लावली, जागा बदलली, पुन्हा लावली. मग तीच नळी स्वतःच्या छातीला लावून पाहिली.

"काही दुखतं का बाळ?"

"नाही."

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले आणि आईकडे न बघता हात धुवायला उठले. औषध त्यांनी लिहून दिलं नाही.

आईने कामावर जाऊन त्याच दांड्याचा तुकडा पुन्हा कुटला, जाळला. आकडे नेहमीसारखेच आले. यंत्राला त्यात काही वावगं दिसलं नाही. दगड कापणारा सोबती म्हणाला, "बाई, तुम्ही जरा रजा घ्या. चेहरा बघा तुमचा." तिने रजा घेतली. आपल्या हाताने आपण पोरीला काय भरवलं, हे तिला कोणाला विचारायचीही सोय नव्हती.

मग भिंगरी पांघरूण मागू लागली.

ऐन उन्हाळा होता. एक दिलं, तर म्हणाली अजून एक. ताप नव्हता, अंगावर काटा नव्हता. पांघरुणं संपली, तेव्हा बाबांनी सतरंजी घातली, मग हिवाळ्यातले कोट, पडदे, पाहुण्यांची गादी. प्रत्येक वेळी पोर आतून सुस्कारा टाकल्यासारखं म्हणायची, "बरं वाटतंय."

एकदा आईचा धीर सुटला. तिने सगळा ढीग ओढून जमिनीवर टाकला.

भिंगरी किंचाळली. "हवा लागते गं आई! हवा लागते!"

आईने ते डोळ्यांनी पाहिलं. चादरीवर लेक पडली होती, पण मधे कुठेच उंचवटा नव्हता. पोट, गुडघे, नाक, सगळं एका पातळीत आलेलं. डोळे तेवढे तिच्याकडे वळले, आणि त्यांत भिंगरीच होती, कोणी दुसरी नाही.

तिने सगळं परत रचलं. दुसरं काय करणार होती?

दुपार भरात आली होती. रस्त्यावर कुठेतरी मुलं खेळत होती. ढिगाखालून आवाज आला, लांबून पण स्पष्ट.

"अजून एक."

"नाही गं राणी. घरात आता काहीच उरलं नाही."

"मग तू ये."

आई रडली. कितीतरी वेळ रडली. मग पदराने तोंड पुसून ती त्या ढिगावर चढली आणि पालथी झोपली. खाली काही मऊ लागेल असं तिला वाटलं होतं. लागलं नाही. तिने अंग सैल सोडलं आणि पोरीला थोपटावं तसं गादीला थोपटलं.

"बरं वाटतंय का?"

"हो. पण अजून."

दाराशी बाबा उभे होते. कधी आले होते कोण जाणे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.