वारा नसताना फिरणाऱ्या वाट्या

मोबाइल खाली ठेवा आधी. त्या उजेडात मला सांगायला सुचत नाही. आणि तू गं, दाराशी बसलीस ती, दार लावून आत सरक. ऐन वेळी उठून पळशील आणि आम्हालाही दचकवशील.

भुतंबितं मी मानत नाही. जन्मभर वणवे विझवणाऱ्यांची गाडी चालवली, माणसंच इतकी बघितली की भुतांचं कौतुक उरलं नाही. पण हे माझ्या दोस्तावर गुदरलेलं आहे, आणि त्यातलं शेवटचं मी या डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा मधेमधे फाटे फोडू नका.

दोस्ताला आम्ही वारेबुवा म्हणायचो. वणवा पेटला की आग पुढे कुठे जाणार, हे सांगायचं त्याचं काम. चढ किती, गवत किती वाळलंय, वारा कुठून, सगळं मांडून तो नकाशावर रेघ ओढायचा, की पहाटे आग इथे असेल. आणि असायची! बुवा, आग तुला विचारून घराबाहेर पडते काय, असं आम्ही चिडवायचो. गडी मनातून फुलायचा. त्याचा धाकटा भाऊ आमच्याच टोळीत, प्रत्यक्ष आगीपुढे उभा राहणारा. आई गेल्यावर बुवानेच त्याला लहानाचा मोठा केलेला. नुकतं लग्नही लावून दिलं होतं.

उन्हाळ्यातला शेवटचा शुक्रवार. रात्रीचे साडेअकरा, चंद्र नाही. आग घळीच्या पश्चिमेला होती, पूर्वेला वस्ती. मधल्या घळीत धाकट्याची टोळी गवत खरवडून जाळरेषा काढत होती, म्हणजे आग आली तर तिला खायला काही उरू नये. वारा पडलेला होता तोवर घळीत धोका नव्हता. पश्चिमेचा वारा सुटला, तर तीच घळ म्हणजे भट्टी.

घळीच्या वरच्या टेकडीवर वारा मोजायचं यंत्र होतं. डोक्याइतका उंच खांब, त्यावर वाऱ्याने फिरणाऱ्या तीन वाट्या आणि वारा जिकडून येतो तिकडे तोंड करणारा बाण. त्याचे आकडे ऑफिसात यायचे बंद झाले. बॅटरी गेली असणार. बुवा म्हणाला, पोरं कामात आहेत, मीच बदलून येतो. मी त्याला पायथ्याशी सोडलं आणि टँकर भरायला परत फिरलो. पुढचं त्यानेच मला सांगितलं, तेही एकदाच.

तो वर पोचला. टॉर्च मारला. वाट्या गरगर फिरत होत्या.

हवा मात्र ठप्प. पान हलत नव्हतं. त्याने मूठभर माती उचलून सोडली, ती सरळ त्याच्याच पायावर पडली. वर वाट्यांचा वेग वाढतच होता. बाण पश्चिमेकडे रोखलेला. त्याने तो हाताने धरून फिरवला. सोडला. बाण परत वळला... सावकाश... पश्चिमेकडे.

तेवढ्यात वॉकी-टॉकीवर धाकटा बोलला.

"दादा, इथं काही बरं वाटत नाहीये. वर येऊ का आम्ही?"

आता काय सांगणार? वारा नाही, पण वाट्या फिरतायत, म्हणून या? सगळं ऑफिस ऐकत होतं, हसले असते. काम सोडायला लावलं आणि वस्ती जळाली, तर तोंड दाखवायची सोय नव्हती. शिवाय नकाशा होता. त्याचा स्वतःचा. सकाळपर्यंत वारा नाही म्हणून सांगणारा.

"वारा नाहीये," बुवा म्हणाला. "थांब तिथंच."

"बरं, दादा."

वाट्या थांबल्या.

एकदम. कुणी हाताने धरल्यासारख्या.

बुवा बघत राहिला. काहीच नाही... मग तोंडावर गरम झोत आला. पश्चिमेकडून. टोपी उडाली. झाडं वाकली. उभं राहवेना. आणि वाट्या... वाट्या जागच्या हलेनात.

खाली घळ उजळली.

तो ओरडत होता, वर या, वर या. पलीकडून नुसती खरखर...

मग तीही नाही.

पाणी द्या जरा.

घळीतलं कुणीच आलं नाही. जाळरेषा तेवढी पुरी झाली होती, वस्ती वाचली. खरं सांगू, मला त्या दिवशी त्या वस्तीचाच राग आला.

उजाडल्यावर मी टेकडीवर गेलो. बुवा घळीकडे पाठ करून बसला होता. मी खांद्यावर हात ठेवला, चल म्हटलं. तो हलेना.

"माझ्या मागं बघ," तो म्हणाला. "रात्रभर उभा आहे. मी वळलो नाही रे. कुठल्या तोंडानं वळू?"

मी बघितलं. कुणी नव्हतं. टेकडीला आग शिवलीच नव्हती, गवत पिवळंच्या पिवळं. त्या गवतावर राखेचे ठसे होते. आमच्या टोळीच्या बुटांचे, एकट्या माणसाचे, घळीतून सरळ वर आलेले. रात्रभर एवढा वारा घोंगावला, पण राख जागची हलली नव्हती. बुवाच्या पाठीशी, हातभर अंतरावर, ते थांबले होते.

मी चारही बाजूंनी शोधलं. परत गेलेले ठसे नव्हते.