आधीचे

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. म्हणणाऱ्याने कधी कपाट वाटून घेतलेलं नसावं.

*

कॉम्प्युटरच्या टेबलासमोर खुर्ची नाही, बाक आहे. दोघं बसतील एवढा. त्याची डावी बाजू बसून बसून गुळगुळीत झालीय, उजवी अजून खरखरीत.

*

खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या की हमखास म्हणतात, "आधीचे फार शांत होते हो. घरात आहेत की नाहीत, कळायचंसुद्धा नाही. गेले तेही तसेच."

*

बायको त्याला 'अरे' म्हणते. दोघं एका ऑफिसात शेजारच्या टेबलांवर होते, तिथली सवय. आधीच्यांना ती 'अहो' म्हणायची.

*

"पुसायचं नाही हं काही. शेजारी बसव."

*

हे शेवटचं वाक्यही बायकोचंच, आणि ते कॉम्प्युटरबद्दल होतं.

तो ड्राफ्ट्समन. इमारतींचे नकाशे काढणारा. दुसरेपणाचा नवरा होऊन बायकोच्या घरी राहायला आला तो नोकरी सोडून, आणि सामान वर चढवताना त्याचा लॅपटॉप जिन्यावरून गडगडत खाली गेला. म्हणजे हात रिकामे आणि घर परक्याचं. अशात एका दवाखान्याच्या वाढीव मजल्याचं काम कसंबसं हाती आलं. नकाशे सोमवारी द्यायचे, नाहीतर काम दुसऱ्याकडे. या घरात आपलं म्हणावं असं त्याच्याकडे तेवढंच होतं.

नकाशांचा प्रोग्रॅम चालणार नव्या सिस्टिमवर. घरात कॉम्प्युटर एकच, आधीच्यांचा, त्यावर जुनी सिस्टिम. बायको कपड्यांच्या कारखान्यासाठी बेतणीचे आराखडे करायची, ते फक्त त्या जुन्यातच उघडायचे. तेव्हा दोन्ही हव्या. एकाच डिस्कचे दोन भाग करायचे, एकात जुनी ठेवायची, दुसऱ्यात नवी बसवायची, आणि मशीन सुरू होताना कोणती हवी ते निवडायचं.

"एका दुपारचं काम," तो म्हणाला.

"बघ बाबा," ती म्हणाली.

पहिल्या पावलालाच ठेच. जुन्या सिस्टिमने आधी आकसून जागा करून द्यायला हवी होती. डिस्क अर्ध्याहून जास्त रिकामी दिसत होती, पण आकसायला सांगितलं की उत्तर एकच: काही फाइली हलवता येत नाहीत. कोणत्या? ते सांगायला मशीन तयार नाही. त्याने कचरा उपसला, तात्पुरत्या फाइली काढल्या, पुन्हा सांगितलं. उत्तर तेच. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मित्राला फोन लावला. त्याला सगळे डॉक्टर म्हणत.

"काय म्हणतोय पेशंट?"

"सरकत नाहीये. जागा वापरत नाही आणि सोडतही नाही."

"जुनं बिऱ्हाड आहे रे. एका खोलीत राहतात आणि चार खोल्यांना कुलूप घालतात. तू पण ना, गोडीगुलाबीने काय बोलतोस? पेनड्राइव्हवरून सुरू कर आणि बाहेरून जोर लाव."

त्याने जोर लावला. मशीन तापलं, पंखा घरघरला, आणि बऱ्याच वेळाने निम्मी जागा सुटली. नवी सिस्टिम तिथे बसली. सुरुवातीच्या यादीत दोघींना नावं देता येत होती. त्याने टाइप केलं: आधीची. आत्ताची. आणि काही न निवडल्यास 'आत्ताची' सुरू व्हावी, असं ठरवून ठेवलं.

बायको त्याच्या खांद्यावरून वाकून हसली. "दारावर पाटीच लावलीस की."

दुसऱ्या दिवशी सकाळी जुनीच सुरू झाली. त्याने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि यादी नीट वाचली. वर लिहिलं होतं, 'आधीचे'.

मात्रा चुकली असेल. त्याने ती पुसून वेलांटी दिली. पुढच्या सकाळी पुन्हा मात्रा.

"तू हात लावलास का याला?"

"मी माझे आराखडे उघडते आणि बंद करते. मला कुठे येतंय हे?"

"मग नाव कोण बदलतंय?"

"मला काय विचारतोस? नाव तर तूच ठेवलंस." ती भाजी चिरत होती. सुरी क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू झाली.

नावाचं एक वेळ चाललं असतं. पण त्याचा भागही आटत होता. अर्धा दिलेला, तो तिसरा हिस्सा झाला, मग त्याहून कमी. तो जोर लावून परत वाढवायचा, कामाला लागायचा, आणि सकाळी बघावं तर येरे माझ्या मागल्या. डॉक्टर म्हणाला, असं होत नाही. तो म्हणाला, होतंय. डॉक्टर म्हणाला, तुझं काहीतरी चुकतंय. यावर मात्र त्याने फोन आपटला.

चिडलेल्या माणसाला मग सगळंच खुपायला लागतं. कपाटात त्याचे शर्ट एका टोकाला चेंगरून बसलेले, आणि मधल्या दांडीवर नुसते रिकामे हँगर. त्याने हँगर ढकलून शर्ट पसरले. संध्याकाळी शर्ट पुन्हा टोकाला. एका सकाळी जाग आली तेव्हा तो पलंगाच्या अगदी कडेला होता, एक पाय खाली लोंबत. बायको पलीकडच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून. त्याने मधल्या जागेवर हात ठेवला.

चादर कोमट होती.

रविवारी नकाशा संपत आला. शेवटचा जिना उरला होता. साठवायला गेला तर मशीन म्हणालं, जागा शिल्लक नाही. आणि प्रोग्रॅम मिटला. दुपारपर्यंतचं सगळं काम त्याच्याबरोबर गेलं.

तो उठून पाणी प्यायला. बायको कारखान्यात गेली होती, संध्याकाळी येणार होती. पुसायचं नाही, असं तिने बजावलं होतं. पण आराखडे वाचले म्हणजे झालं ना? त्याने ते सगळे पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, पेनड्राइव्ह खिशात ठेवला. मग दुसरा, सिस्टिम बसवायचा पेनड्राइव्ह लावला.

मशीनने विचारलं: शेजारी बसवायची, की असलेली पुसून बसवायची?

पुसून.

नक्की?

"हो रे बाबा," तो मोठ्याने म्हणाला.

हिरवी पट्टी सरकत गेली. या वेळी कुठेही अडली नाही. पंखासुद्धा घरघरला नाही. काम पूर्ण, असं लिहून आलं. त्याने मशीन बंद करून चालू केलं.

यादीत एकच ओळ होती.

आधीचे.

त्याने हात मागे घेतला. तळव्याला बाकाचं खरखरीत लाकूड लागलं, आणि मग कडा. तो बाकाच्या उजव्या टोकावर बसला होता, निम्मा बाहेर. सुरुवात केली तेव्हा मधोमध बसला होता, एवढं त्याला पक्कं आठवत होतं.

डावी गुळगुळीत बाजू रिकामी होती.

दारात किल्ली फिरली. बायको आत आली, पिशवी ठेवली, चपला काढल्या. टेबलाशी आली. पडद्यावरची ओळ तिने वाचली. तो काय सांगायचं ते जुळवत होता.

"अहो," ती म्हणाली, "जरा सरका ना."

ती त्याच्याकडे बघत नव्हती.

बाक करकरला. गुळगुळीत टोकाला तिच्यापुरती जागा झाली, आणि ती बसली.

तो उभा राहिला. त्याला बसायला काही उरलं नव्हतं.

आधीचे गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात हा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला होता. दुकानदाराने जळालेली डिस्क काढून टाकली आणि नवी, कोरी घातली, सिस्टिमसुद्धा न बसवता. जुनं काहीही वाचलेलं नाही, असं त्याने बायकोला तेव्हाच सांगितलं होतं.