भाईंची खूण आणि लोखंडी भोपळा

पावसाळ्याआधी समुद्राच्या तळाशी पडलेला एक पाणसुरुंग शोधायचा आणि कुणाचाही जीव न घेता तो कायमचा गप्प करायचा, एवढ्यासाठी आम्ही चौघं मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पेडवेवाडीच्या किनाऱ्यावरून निघालो. सुरुंग ऐंशी वर्षांहून जुना, दुसऱ्या महायुद्धातला! माझी आजी तेव्हा परकर सावरत किनाऱ्यावर शिंपले वेचत असणार.

सुरुंग तिथे आहे हे कळलं ते एका ट्रॉलरवाल्यामुळे. जाळं जड लागलं म्हणून त्याने वर ओढलं, तर पाण्यात शिंगं असलेला मोठा लोखंडी गोळा! त्याने घाबरून दोर कापला आणि धूम ठोकली. जागा विचारली तर ततपप करायला लागला, कारण किनाऱ्याच्या इतक्या जवळ ट्रॉलर आणायला बंदीच होती. आता जागचा हललेला तो गोळा पावसाळी उधाणात सुटून थेट वाडीच्या वाळूवर येऊ शकत होता. म्हणून नौदलाला कळवलं गेलं.

नौदलाचे अधिकारी देवेश आले ते मूळचे विदर्भातले. त्यांची मोठी बोट खडपांमुळे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या पाण्यातल्या खडकांमुळे, आत येऊ शकत नव्हती, ती बाहेर खोल पाण्यात थांबली. आत जायला लहान होडी हवी होती. ती दिली शेजारच्या आचरा गावच्या बाबलीने. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. पाण्याखालची वाट दाखवायला मी, विनीता. मालवणात पर्यटकांना बुडी मारायला शिकवते. आणि जागा दाखवायला पेडवेवाडीचे भाई, वय अठ्ठ्याहत्तर, नजर अजून घारीची.

भाईंना जागा ठाऊक होती, कारण ती सगळी हकिकतच त्यांच्या घरातली. १९४३ साली एक मालवाहू जहाज इथून जवळच सुरुंगाला धडकून बुडालं. पेडवेवाडीचे पाच आणि आचऱ्याचे दोन, असे सात जण एका होडीतून खवळलेल्या पाण्यात गेले. कुणाचं युद्ध, कुणाचं जहाज, काही ठाऊक नाही. माणसं बुडतायत एवढं दिसलं. चौदा खलाशी त्यांनी दोन खेपांत वाचवले. त्या होडीचं सुकाणू भाईंचे वडील बाळा यांच्या हातात होतं. जहाज फोडणाऱ्या सुरुंगाचा दुसरा भाऊ न फुटता खडकात अडकलेला त्यांनीच पुढे पाहिला. "खडकात लोखंडी भोपळो आसा, थंय नांगर लावू नुको," असं ते भाईंना सांगून गेले होते.

त्या खलाशांच्या नातवंडांनी शोध घेत घेत यंदा पत्र पाठवलं होतं. येत्या रविवारी किनाऱ्यावर दगड बसणार होता, वाचवणाऱ्यांच्या नावांचा. नावं भाईंनी दिली होती. पेडवेवाडीची पाच.

"आणि आचऱ्याचे दोन?" मी विचारलं होतं.

"त्यांची नावां ते घालतीत त्यांच्या गावात," भाई म्हणाले होते. दोन गावांत जाळ्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या धुसफूस.

पहिल्या दिवशी भाईंनी होडीत उभं राहून किनाऱ्याकडे हात केला. आमच्याकडे जुने मच्छीमार जागा अशीच धरतात. जमिनीवरच्या दोन वस्तू एकामागे एक आणायच्या, मग बाजूच्या आणखी दोन. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना कापतात, तिथे खाली आपली जागा. त्याला म्हणायचं खूण.

"देवळाचो कळस त्या ताडाखाली हाड," भाई म्हणाले. म्हणजे कळस ताडाखाली आण. बाबलीने निमूट होडी तिकडे नेली.

देवेश आणि मी खाली उतरलो. वाळू! नुसती वाळू. दुसऱ्या दिवशी भाईंनी खूण थोडी दक्षिणेला सरकवली. पुन्हा वाळू, आणि एक ट्रकचा टायर. देवेशांच्या हातातलं आवाजाने तळ चाचपणारं यंत्र टायरवर मोठ्या उत्साहाने किंचाळलं.

"यंत्राला आधी जवळपास तरी न्यायला हवं," होडीत चढताना देवेश म्हणाले. "इथे दगडच इतके, ते प्रत्येक दगडावर ओरडणार. उद्याचा दिवस आहे. मग वारा वाढेल. सापडला नाही तर हा सगळा पट्टा मासेमारीला बंद करावा लागेल."

मला एक वाईट खोड आहे. एखादी गोष्ट जुळली नाही की ती मला जेवू देत नाही. भाईंचं घर गेली कित्येक वर्षं बाजारात सगळ्यांत मोठे गोबरे आणतं. आणि गोबरा म्हणजे खडकाच्या बिळात राहणारा मासा. खाली तर वाळू!

संध्याकाळी भाई होडीच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसले होते. मी शेजारी टेकले.

"भाईनू, वाळयेत गोबरो गावता?"

त्यांचे हात थांबले.

"बापाशीन माका शेत दिल्यान नाय, कलमां दिल्यान नाय," ते म्हणाले. "एक खूण दिल्यान. त्या खुणेर दोन झिलांका शिकवलंय, चेडवाचा लगीन केलंय. कोणी इचारल्यान की वाळयेची खूण सांगायची, ही आमच्या घराची रीत. आणि त्या होडयेत आचऱ्याचो माणूस बसलोहा गो! त्याच्याकडे ता जीपीएसचा मशीन. एकदा त्याच्यात जागा गेली, की पुरो आचरा थंय जाळी घेवन येतलो."

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. ऐंशी वर्षं जपलेली गोष्ट परक्यासमोर उघडी करायची म्हणजे सोपं नव्हतं.

"पावसात तो भोपळो सुटलो तर हंयच येतलो," मी समोर बोट दाखवलं. भाईंचा नातू तिथे ओल्या वाळूत चेंडू मारत होता.

भाई बघत राहिले. मग जाळं गुंडाळून उठले. "सकाळी बेगीन ये," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी वारा आमच्याआधी उठला होता. होडी लाटेवर चढत होती, धपकन आपटत होती. भाई नाळीवर, होडीच्या पुढच्या टोकावर, उभे. एकदा त्यांनी बाबलीकडे पाहिलं, एकदा समुद्राकडे.

"बाबली, कळस डोंगराच्या खाचेत बसव."

ही खरी खूण! पण अर्धीच. कळस खाचेत बसला तरी होडी त्या रेषेवर मैलभर पुढेमागे कुठेही असू शकत होती. भाई दुसरी खूण सांगायला वळले, तोंडही उघडलं. आणि इंजिन बंद झालं. बाबलीने होडी थांबवली होती.

भाईंचं तोंड उघडंच राहिलं. त्यांची नजर किनाऱ्याकडे गेली. लांबवर एक सुरंगीचं झाड काळ्या खडपाच्या बरोबर टोकावर उभं होतं.

"नांगर टाकू नका!" देवेश ओरडले.

"टाकूचोच नाय," बाबली शांतपणे वल्हं हातात घेत म्हणाला. "हंय आमी नांगर टाकणव नाय."

आमी? माझ्या डोक्यात ते अडकलं. पण विचारायला वेळ नव्हता. मुखवटा चढवला आणि आम्ही पाठीवर पडत पाण्यात गेलो.

खाली वेगळंच जग होतं. पाणी गढूळ, पाच हातांपलीकडचं दिसत नव्हतं, पण त्यातूनही खडक वर येताना दिसला. त्याच्या अंगावर मऊ पोवळी, भेगांमधून डोकावणारे जाडजूड गोबरे, आमच्याकडे वाडीतल्या म्हाताऱ्यांच्याच संशयाने बघणारे. भाईंनी हे सगळं का लपवलं ते मला तेव्हा कळलं. मीही लपवलं असतं.

मग देवेशांचा हात वर झाला. थांब!

दोन खडकांच्या खाचेत तो बसला होता. भोपळाच! माणसाच्या छातीएवढा उंच, शेवाळाने आणि काल्वांनी माखलेला. वर बोटभर लांबीची शिंगं. शिंग वाकलं की आतली कुपी फुटते आणि सुरुंग उडतो, हे देवेशांनी मला होडीतच सांगितलं होतं. एका शिंगाला ट्रॉलरच्या जाळ्याचा दोर गुंडाळलेला होता. उरलेलं जाळं पाण्यात मोकळं हेलकावत होतं.

देवेशांनी मला वर जायची खूण केली. मी वळले. नियम नियम असतो.

आणि मोठी लाट आली! वरून गेली, पण तिची ओढ तळापर्यंत पोचली. जाळं फुगलं. दोर ताठ झाला. शिंग करकरलं! पाण्यात आवाज असा दातांत ऐकू येतो. मी विचार केला नाही. जाळं दोन्ही हातांनी पकडलं. पाय खडकाला लावले. सुरुंगाच्या दिशेने रेटलं! दोर सैल पडला. लाट मला ओढत होती. खांदे भरून आले. काल्वं पायांना कापत होती. देवेशांची सुरी दोरावर चालत होती. एक पीळ तुटला. दुसरा. पुढची लाट येताना मला अंगावर जाणवली. सुटला! दोर सुटला आणि मी जाळ्यासकट मागे फेकली गेले.

डोळे उघडले तेव्हा एक गोबरा माझ्या मुखवट्यासमोर उभा होता. देवेश अंगठा वर करून मला वर जा म्हणत होते. या वेळी मी गेले.

पुढचं काम त्यांनी एकट्याने केलं. सुरुंगाला हवेच्या पिशव्या बांधल्या, लांबलचक दोर जोडला, आम्ही दूर निघून आलो आणि मग नौदलाच्या बोटीने अर्ध्या मैलावरून त्याला हळूहळू खोल समुद्रात ओढत नेलं. "इथेच फोडता आला असता," देवेश म्हणाले. "पण मग तुमचा खडक राहिला नसता." भाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

दुपारी क्षितिजावर पाण्याचा पांढरा खांब उठला. मग काही क्षणांनी धडाम! होडीच्या फळ्या थरथरल्या. देवळाकडून आरोळ्या ऐकू आल्या.

सगळे हसत होतो. भाई नव्हते हसत. ते बाबलीसमोर जाऊन बसले.

"दुसरी खूण मी सांगूक नाय. तू होडी थांबवलंस. तुका ठावक होती?"

"होय."

"कधीपासून?"

"ल्हानपणापासून. बापाशीन दाखवल्यान." बाबली वल्ह्याकडे बघत बोलत होता. "दुसऱ्या खेपेक लाटेन होडी त्या खडकार आपटली. माझो आजो, गुरुदास, थंयच ऱ्हवलो. गावलोच नाय."

"बापाशीन ह्या माका कधी सांगूक नाय. मगे तुमी कधी थंय जाळा टाकूक नाय?"

"आजयाच्या अंगार जाळा कोण टाकतलो, भाईनू?"

"दोन दिस मी वाळयेर फिरवलंय तुका. बोललंस नाय कित्याक?"

"खूण तुमची. सांगूचो मान तुमचो."

भाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही. जी खूण ते आयुष्यभर आचऱ्यापासून लपवत आले, ती आचऱ्याने त्यांच्याइतकीच जपली होती. यांनी माशांसाठी, त्यांनी माणसासाठी.

होडी वाळूला लागताच भाईंनी दगड कोरणाऱ्या कारागिराला फोन लावला. दगड परत घे म्हणाले. रविवारचा कार्यक्रम आठ दिवस पुढे गेला, सरपंच वैतागले, भाई ढिम्म हलले नाहीत.

त्यापुढच्या रविवारी दोन्ही गावं किनाऱ्यावर जमली. वाचलेल्या एका खलाशाची नात, रश्मी, फुलं घेऊन आली होती. "दुसऱ्या खेपेत गेलेले गुरुदास नेमके कुठे बुडाले?" तिने विचारलं. "मला तिथे फुलं सोडायचीत."

भाईंनी दगडावरचं कापड ओढलं. सात नावं होती. सगळ्यांत वर गुरुदास, आचरा. आणि नावांखाली, साऱ्या जगाला वाचता येईल अशा ठसठशीत अक्षरांत, दोन ओळी:

कळस डोंगराच्या खाचेत.
सुरंगी काळ्या खडपाच्या टोकावर.

बाबली दगडाजवळ गेला. त्याने दोनदा वाचलं.

"भाईनू, आता सगळ्यांका कळाला."

"कळांदे," भाई म्हणाले. "आता थंय जाळा कोण टाकता, ता मी बघतंय."

मग त्यांनी रश्मीला हात धरून बाबलीच्या होडीत चढवलं, स्वतः नाळीवर उभे राहिले आणि खूण सांगायला काही तोंड उघडलं नाही. होडी बाबली नेत होता.