गेरूचा पट्टा

खुशाल पेंटर आलापल्लीच्या बसमधून उतरला तेव्हा कुंता अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर ब्रशांची झोळी, आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू घर त्याच्या मामाचंच. त्यानं मुक्कामाला खोली मागितली. कुंताला आनंद व्हायला हवा होता, आला संशय.

लाकडाच्या लिलावाला अजून अवकाश होता, आणि एरवी या रस्त्यावर मुक्कामाला कुत्रंही थांबत नसे. तिचा बाप वनखात्याच्या लाकूड-डेपोत मुकादम होता. लिलावाला येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी त्यानं घराला लागून खोल्या बांधल्या होत्या. मग बाप गेला, बसस्टँडजवळ ट्यूबलाइटवाला लॉज झाला, आणि व्यापारी तिकडे वळले. यंदा चंद्रपूरच्या भावानं, घनश्यामनं, शेवटचं सांगून ठेवलं होतं. या लिलावात खोल्या भरल्या नाहीत, तर घर ठेकेदाराला गोदाम म्हणून द्यायचं आणि आईला, कुंताला शहरात न्यायचं. म्हणजे कुंतानं जन्मभर भावजयीच्या स्वयंपाकघरात अंग चोरून वावरायचं.

"कोणाचे माणूस आहात तुमी?" तिनं विचारलं.

"सध्या तं कोणाचाच नाई," तो म्हणाला. "म्हणून तं हिंडून राह्यलो."

बिडीची जाहिरात भिंतीवर रंगवायला आलोय, असं त्यानं सांगितलं. पण जेवताना प्रश्न भलतेच. व्यापारी कोणत्या वाटेनं येतात? लॉजवर का जातात? रस्त्याकाठची सागाची झाडं कोणाची? कुंताची आई अंजनाबाई सगळं भडाभडा सांगत होती आणि वर भाजी वाढत होती. चुलीपुढे बसलेल्या कुंतानं मनाशी पक्कं केलं, हा दादाचाच माणूस. ठेकेदारासाठी घर बघायला आलाय.

त्यातून तो दिसायला बरा होता. संशय घ्यायला ही मोठी अडचण असते. तो पाणी प्यायला मान वर करी तेव्हा ती नजर काढून घेई, आणि मग स्वतःवरच चिडे. शिवाय आई आणि तो कुजबुजत, आणि ती आली की गप्प होत.

"पेंटरभाऊ, बिडीची भिंत कुठवर आली?" तिनं एकदा खोचकपणे विचारलं.

"भाऊ नका म्हणू... बाकी काईही म्हणा."

"काऊन?"

"असंच..." म्हणत त्यानं उगाच ब्रश धुवायला घेतला. त्याचे कान लाल झाले होते.

आणि मग लिलावाच्या आदल्या आठवड्यात, मोहफुलं वेचायला निघालेल्या कुंतानं ते पाहिलं. रस्त्याकाठच्या सागांना कमरेइतक्या उंचीवर गेरूचे रुंद पट्टे! एका झाडाला, दुसऱ्याला, पार घरापर्यंत. आणि अंगणातल्या मोहालाही, बापानं राखलेल्या मोहाला! या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की गेरूचा पट्टा लागला म्हणजे झाडाची तोड ठरली. तिच्या डोळ्यांपुढे घर उघडं पडलं. तिनं बादली घेतली, काथ्या घेतला, आणि रडत, दात-ओठ खात झाडं घासायला सुरुवात केली.

ती मोहापाशी पोचली तेव्हा चुन्याचा डबा आणि पेटी घेऊन खुशाल समोर उभा.

"आवो, हे काय करून राह्यल्या?"

"झाडं वाचवून राह्यली. जा, सांगा तुमच्या ठेकेदाराले."

"कोण ठेकेदार?" त्यानं पेटी उघडून लाकडाची पट्टी काढली. गेरूवर चुन्याची अक्षरं होती, 'मुक्काम : अंजनाबाईच्या खोल्या', आणि खाली बाण. "आधी गेरूचा हात मारा लागते, तो वाळला का मंग अक्षर. आता हेच लिहायचं होतं झाडायवर. आमच्या गावाले, कोरपन्याले, झाडं हायेच कुठी, का पट्ट्याचा अर्थ कळन?"

कुंता ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना. आईनंच गप्प राहायला सांगितलं होतं, म्हणे. फुकटचं काम ही पोरगी घेणार नाही, हे आईला पक्कं ठाऊक.

"पण फुकट काऊन?" तिचा संशय अजून पुरता मेला नव्हता.

 पुसलेल्या झाडांकडे बघत तो म्हणाला, आता लोकांना वाट कोण दाखवणार? पट्टे परत मारले, तर लोक तोडच समजणार. तेव्हा कुंतानंच डोकं चालवलं. व्यापारी लिलावाआधी डेपोत उन्हातान्हात लाकूड बघत फिरतात, सावलीला येतात ते तहानेनं. तिनं कुंभाराकडून माठ आणले. माठ आधीच लाल, त्यामुळे गेरूची गरजच पडली नाही. खुशालनं चुन्यानं लिहिलं, 'थंड पाणी प्या. अशीच थंड खोली, अंजनाबाईच्या घरी.' डेपोच्या फाटकापासून घरापर्यंत झाडाझाडाखाली माठ बसले, आणि कुंता वाळ्याचं पाणी भरत फिरली.

लिलावाच्या आदल्या संध्याकाळी खोल्या भरल्या. किल्ल्या न्यायला आलेला घनश्याम पडवीत झोपला. सकाळी चहा पिऊन त्यानं किल्ल्यांचा जुडगा आईच्या उशाशी ठेवला आणि गोदामाचं नाव न काढता बस पकडली. खुशालची खोलीही एका व्यापाऱ्याला गेली होती. तो मोहाखाली पेटी बांधत होता.

"बिडीची भिंत बाकी असन ना?" कुंतानं विचारलं.

"ते तं पहिल्याच दिवशी सरली." तो पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला. "बसमधून तुमी दिसल्या होत्या... फुलं वाळू घालून राह्यल्या होत्या. दोन खेपा पुढं गेलो, तिसऱ्या खेपेला उतरलो."

संशय खरा निघाला होता. माणूस दुसऱ्याच कामाला आला होता.

 कुंतानं गेरूच्या डब्यात ब्रश बुडवला, त्याचा हात धरला आणि मनगटावर रुंद पट्टा ओढला.

"पट्टा म्हणजे तोड ना?" त्यानं हळूच विचारलं.

"झाडाची," ती म्हणाली. "माणसाले लावला, तं तो इथून हालत नाई."

आत आईनं आणखी एक पाट मांडला.