न बांधलेलं वजन

बीबीहून मेहकरला जाताना डाव्या हाताला आमचा वजनकाटा लागतो. सोयाबीनचा ट्रॅक्टर प्लेटवर चढला की मी केबिनमधून ओरडतो, "उतर." ड्रायव्हर बसून राहिला तर त्याचंही वजन मालात धरलं जातं. अकरा वर्षं मी हेच ओरडतोय.

माझा धाकटा भाऊ संघपाल वायुसेनेत लोडमास्टर आहे. रसद तोलायची, मालवाहू विमानात बांधायची आणि सीमेवरच्या ठाण्यांपर्यंत न्यायची. म्हणजे दोघंही वजनंच करतो. पण आईनं फोटो त्याचाच लावलाय, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी. भरतीला आम्ही एकाच दिवशी गेलो होतो. मी पन्नास किलो भरलो, पाच कमी पडले. तो घेतला गेला. मी जळलो, अजूनही जळतो, आणि आजही पन्नासच भरतो.

दुपारी काटा रिकामा असला की मी डोळे मिटून त्याच्या विमानात जाऊन बसायचो. मनातल्या मनात त्याला उठवून त्याच्या जागेवर.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. एका पेटीवर दर खेपेला पन्नास किलो जास्त येतात, म्हणाला. पेटी उघडली की सामान बरोबर. विमान उडालं की ते वजन मोकळं हिंडतं. धावपट्टी आखूड, डोंगर जवळ. न बांधलेलं वजन शेपटीकडे सरकलं तर सगळेच जातील. मी हसून म्हणालो, तुमचा काटा तपासून घ्या.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी सहज आमच्याच प्लेटवर उभा राहिलो. आकडा शून्य. उडी मारली. शून्य. काट्याला सरकारी शिक्का मारून महिनाही झाला नव्हता. मागोमाग आलेला ट्रॅक्टर बरोबर भरला. तासाभरानं मीही भरलो, पन्नास.

असं आणखी तीनदा झालं. तिन्ही वेळा संघपाल हवेत होता, हे मी आडून आडून विचारून घेतलं.

खरं सांगतो, मला आनंद झाला.

परवा सकाळी पुन्हा फोन. आवाज बसलेला होता.

"दादा, काल मागं पाह्यलं मी. पोत्याले टेकून बसला होतास तू."

मी केबिनमधून रिकाम्या प्लेटकडे पाहिलं.

"सहा माणसं हायेत विमानात. आज तीनले पुन्हा जाऊन राह्यलो. उतर, दादा. हात जोडतो."

"हाव," मी म्हणालो.

तीनला पाच कमी असताना प्लेटवर जाऊन उभा राहिलो. शून्य. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डोळे मिटले. डिझेलसारखा वास आला, तळपाय गारठले. समोर त्याची पाठ दिसत होती.

उतर, मी स्वतःला म्हणालो.

उठलोही. पण त्या क्षणी मनात आलं, मी एकट्यानंच काऊन उतरायचं?

पायांत वजन आलं.

डोळे उघडले. काचेआड लाल आकडा होता, एकशेवीस.

पन्नास माझे. संघपाल सत्तरचा आहे.

केबिनमध्ये फोन वाजू लागला. घ्यायला म्हणून मी प्लेटवरून खाली उतरलो. आकडा सत्तरवर येऊन थांबला.