येतानाचा वारा

मेलेल्या माणसाच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. रोज दुपारी बनियनवर झोपणारे आजोबा त्या दिवशी शर्ट घालून खुर्चीत सापडले. कुणीतरी तोंडावर उशी दाबली होती. डॉक्टरांनी वेळ सांगितली, एक ते दोन.

त्यांची नर्स एकला औषधं आणायला गेली आणि दोनला परतली. दाराला कुलूप जसंच्या तसं, किल्ली तिच्याकडे. इन्स्पेक्टरनी तिलाच धरलं. संध्याकाळी ती पोलीस ठाण्याच्या बाकावर रडत बसली होती.

आजोबांची धाकटी बहीण इन्स्पेक्टरच्या टेबलापुढे उभी राहिली. विमानांसाठी वारा बघायचा, मार्ग आखायचा, इंधन ठरवायचं, हे काम तिनं तीस वर्षं केलं होतं. आता तिनं रागानं टेबलावर दोन्ही हात टेकले.

"दुसरी किल्ली माझ्या भाच्याकडे, दादाच्या मुलाकडे असते," ती म्हणाली.

"तो हवेत होता, बाई. हा बोर्डिंग पास बघा. आपल्या घड्याळात पहाटे तीनला सुटला. अकरा तास धरा. दोनला उतरला, तीनला घरी."

"अकरा तास कुणी सांगितलं?"

"त्यानंच. मी मोबाईलवर तपासलंसुद्धा. आठ हजार नऊशे किलोमीटर, अकरा तास."

"झाला तुमचा तपास!"

भाचा शेजारच्या खुर्चीत डोकं धरून बसला होता. ती त्याच्याकडे वळली.

"जाताना किती वेळ लागला रे?"

"अकरा तास, आत्या."

"आणि येताना?"

"तेवढाच. मधल्या दिवसांत समुद्र काय आटला?"

तिनं नर्सला विचारलं, "शर्ट कुणी मागितला?"

"आजोबांनीच. मी निघताना. म्हणाले, दाढी नीट झालीय का बघ."

बहिणीचा चेहरा उतरला. तिनं जुन्या ऑफिसात फोन लावला, दोन मिनिटं बोलली आणि फोन टेबलावर आपटला.

"साहेब, अंतर दोन्हीकडून सारखं असतं, वेळ नसते! हिवाळ्यात त्या समुद्रावर पश्चिमेचा वारा सुसाट असतो. जाताना तो विमानाच्या तोंडावर येतो, येताना पाठीवर. तुमचा मोबाईल वारा मोजत नाही. विमान बाराला टेकलंय, हवं तर लेखी मागवा. बाहेर पडून घरी यायला सव्वा तास. काय रे, मग सव्वा ते तीन कुठे होतास?"

भाच्यानं बोर्डिंग पासकडे पाहिलं.

"दादा घर विकायला सही देत नव्हता, म्हणून?"

"मी एवढा समुद्र ओलांडून आलो!" तो ओरडला. "सही मागितली तर म्हणाले, आधी जेवून घे! दर वेळी तेच, आधी जेवून घे!"

इन्स्पेक्टरनी हळूच बोर्डिंग पास स्वतःकडे ओढला.

"सकाळी दादाचा मला फोन आला होता," ती म्हणाली. आवाज फुटत होता, पण राग उतरला नव्हता. "पोरगा कधी पोचेल, विचारत होता. मीच सांगितलं, वारा पाठीशी आहे, सव्वा वाजेपर्यंत दारात येईल. म्हणून तो झोपला नाही. तुझ्यासाठी दाढी केली त्यानं, तुझ्यासाठी शर्ट घातला, नालायका."

मग ती इन्स्पेक्टरकडे वळली. "आणि तुम्ही उठा. त्या मुलीची माफी मागा. आत्ता, माझ्यासमोर."

इन्स्पेक्टर उठले.