वेग कायम आहे असं धरून

"पण मुळात ही माणसं निघतातच कशाला?" असं म्हणत तिने पुस्तक काउंटरवर आपटलं, आणि समोर शर्टांचं गाठोडं घेऊन उभा असलेला तरुण दचकून मागे सरला.

मावशीच्या लॉन्ड्रीत गिऱ्हाइकासमोर असं वागायची सोय नव्हती. पण पोरीच्या नाकी नऊ आले होते. नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेत गणिताने तिला दोनदा आडवं केलं होतं, आणि मावशीने बजावलं होतं, की या खेपेलाही नापास झालीस तर मुकाट्याने इस्त्री हातात घ्यायची. नर्स व्हायचं हे तर तिचं लहानपणापासूनचं वेड! आकडेमोड तिला जमायची हो, पण शाब्दिक उदाहरण आलं की घोडं अडायचं. टाकी भरतेय आणि खालचा नळ उघडा आहे म्हटलं, की हिला त्या घरच्या बाईची काळजी. दोघं दोन गावांहून निघाले म्हटलं, की हिला प्रश्न – घरी भांडून निघाले की काय?

तरुणाने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या बाहीवर खडूची पूड होती. जवळच्या शाळेत तो गणित शिकवायचा. हसू दाबत तो म्हणाला, "काळजी जरूर करा... पण आधी त्यांना भेटू तर द्या."

त्या दिवसापासून मास्तरांचे शर्ट जरा जास्तच मळायला लागले. मावशी काही दुधखुळी नव्हती.

तेव्हा मावशीचं वाफेवर इस्त्री करणाऱ्या यंत्रावरून, भाड्याने घेऊ की नको, असं चाललं होतं. मास्तरांनी तेच उदाहरण घातलं. यंत्राला महिन्याचं भाडं, पण शर्टामागे खर्च कमी. हाताच्या इस्त्रीला भाडं नाही, पण शर्टामागे खर्च जास्त. किती शर्टांना दोन्ही सारखंच पडेल? शर्टांना क्ष म्हणा. तिने म्हटलं. चार ओळी खाली उत्तर येऊन बसलं. ते शर्ट अजून लोकांच्या अंगावर होते, धड मळलेही नव्हते, आणि कागदाला त्यांचा आकडा ठाऊक! तिच्या अंगावर काटा आला. दुकानात त्याहून कितीतरी जास्त शर्ट येत होते, म्हणून मावशीने यंत्र घेतलं, आणि मास्तरांना चहा सुरू झाला.

मग एका संध्याकाळी मास्तर तिला नदीकाठच्या रस्त्यावर घेऊन गेले. रस्ता दीड किलोमीटरचा. ते मिनिटाला नव्वद मीटर चालायचे, ती साठ. दोन टोकांहून एकदम निघालो तर कुठे भेटू? तिने मांडलं – दहा मिनिटांनी, तिच्या टोकापासून सहाशे मीटरवर. तिथे काचेला तडा गेलेला एक दिवा होता. सहाचे टोले पडले, दोघं निघाले, आणि नेमके त्याच दिव्याखाली समोरासमोर आले.

ती बघतच राहिली. दिव्याकडे... मग त्यांच्याकडे. "दोन माणसं कुठे भेटणार, हे आधी कळतं?"

"कळतं," मास्तर म्हणाले. "वेग कायम असेल तर."

ती पास झाली, तीही चांगल्या मार्कांनी. नर्सिंगची शाळा मात्र रात्रभराच्या प्रवासावर होती, आणि अभ्यासक्रम तीन वर्षांचा. मास्तरांनी मनापासून अभिनंदन केलं, आणि त्या दिवशी शर्ट न घेताच निघून गेले. तिचाही जीव कशात लागेना. ज्याने पास केलं, त्यालाच सोडून जायचं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी तिने निरोप धाडला: तोच रस्ता, तीच दोन टोकं, सहाचा टोला.

नेहमीसारखं चालायचं, असं तिने बजावलं होतं स्वतःला. पण पाय ऐकतील तर ना! समोरून मास्तर चक्क पळत येत होते. दिव्याखाली दोघं थांबले. तिने घड्याळ पाहिलं. सहाच मिनिटं झाली होती.

"ते... जरा उशीर झालासा वाटला, म्हणून..." मास्तर धापा टाकत म्हणाले.

"थांबा." तिच्या डोक्यात ओळी पडत होत्या. "तुम्ही एकटेच पळाला असतात, तर आपण दिव्याच्या अलीकडे भेटलो असतो, माझ्या बाजूला. मी एकटीने घाई केली असती, तर पलीकडे. पण आपण बरोबर दिव्याखाली आहोत... आणि चार मिनिटं आधी."

"म्हणजे?"

"म्हणजे वेग दोघांचाही वाढला. ज्या पटीत तुमचा, त्याच पटीत माझा."

गणिताचा मास्तर तोंडात बोट घालून उभा राहिला. इतक्या दिवसांत जे बोलायचं धाडस झालं नव्हतं, ते या मुलीने त्याच्याच समीकरणातून काढून त्याच्या हातावर ठेवलं होतं.

"हे मी शिकवलं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "पण उत्तर बरोबर आहे. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

पहिल्यांदाच 'तुझ्यावर' म्हणाला तो. तिने त्याच्या बाहीवरची खडूची पूड झटकली, आणि हात तिथेच राहू दिला.

"तीन वर्षं आहेत मध्ये," ती म्हणाली.

"असू देत. सुट्टी लागली की तू तिथून निघ, मी इथून निघतो."

तिला एकदम ते पुस्तकातले दोघं आठवले, दोन गावांहून निघालेले. ती माणसं निघतात कशाला, ते तिला आता कळलं होतं.